अर्जदार कोण, ते आधी शोधा

(नव्याने नेमणूक झालेल्या विधी स्वयंसेवकांसाठी, इस्लापूर आणि किनवट तालुका डोळ्यांसमोर ठेवून)

अभिनंदन. प्रशिक्षण झाले, प्रमाणपत्राचा फोटो स्टेटसला लागला, गळ्यात ओळखपत्र आले. त्याच संध्याकाळी पानटपरीवर कोणीतरी 'वकीलसाहेब' म्हणून हाक मारली असणार आणि तुम्ही ती ऐकू आली नाही असे दाखवून नीट ऐकून घेतली असणार. पहिली सूचना त्याबद्दलच. आपण वकील नाही, हे आजच सगळ्यांना सांगून टाका. पटणार कोणालाच नाही, पण सांगितलेले बरे.

तुमचे घराणे मात्र मोठे आहे. गरिबाला फुकट कायदेशीर मदत मिळावी म्हणून १९७६ साली राज्यघटनेत ३९-अ कलम आले. त्यासाठीचा कायदा १९८७ साली झाला, तो लागू व्हायला ९ नोव्हेंबर १९९५ उजाडला, आणि तुमची जात, म्हणजे विधी स्वयंसेवक, नालसाच्या (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या) योजनेतून २००९ साली जन्माला आली. दिल्लीत नालसा, मुंबईत राज्य प्राधिकरण, नांदेडला जिल्हा प्राधिकरण, किनवटला न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली तालुका समिती आणि इस्लापुरात प्लास्टिकच्या खुर्चीवर तुम्ही. या योजनेत शिक्षक, अंगणवाडी सेविका, बचत गटातल्या बाया, विद्यार्थी, इतकेच काय, दीर्घ शिक्षा भोगणारे सुशिक्षित आणि चांगल्या वर्तणुकीचे कैदीही स्वयंसेवक होऊ शकतात. तेव्हा फार ताठ बसू नका.

काम एवढेच: ऐकायचे, लिहून घ्यायचे, कागद बघायचे, अर्ज भरून किनवटला समितीकडे पाठवायचा. वकील समिती देते. समोरच्या पार्टीला फोन लावून 'मी विधी सेवेतून बोलतोय' असा आवाज काढणे हे तुमच्या कामात येत नाही. तो मोह पहिल्या महिन्यात फार होतो.

सोबत काय ठेवावे

दोन पेन, कारण एक मामा घेऊन जाणार. पाने शिवलेली वही. सुटे कागद नकोत. आणि मागच्या जितक्या वर्षांची मिळतील तितकी कालनिर्णये. घरी खिळ्याला एकावर एक लटकलेली असतातच, ती टाकू नका. त्यांचा उपयोग पुढे कळेल.

काय ठेवू नये: शाईचे पॅड. पॅड टेबलावर दिसले की बाईचा अंगठा आपोआप पुढे येतो. तिला आजवर ज्याने ज्याने पॅड दाखवले, त्याने तेच करून घेतलेले असते. तुमच्या समोर बसलेल्या बाईने काही विचारायच्या आत 'कुठं करू?' असे म्हटले, तर समजा की तुमच्या आधी कोणीतरी मोठे काम करून गेला आहे.

चहाबद्दल. अर्जदाराकडून पैसे घ्यायचे नाहीत, हा योजनेचा नियम. चहा म्हणजे पैसे का, यावर प्रशिक्षणात कोणी बोलत नाही. माझे मत: चहा तुम्ही पाजावा. अर्जदाराबरोबर चौघे येतात, त्यामुळे मानधन चहातच जाते आणि हिशेबाची कटकट राहत नाही.

जो बोलतो तो अर्जदार नव्हे

ही या मार्गदर्शिकेतली मुख्य सूचना. बाकीची विसरलात तरी चालेल.

बाजाराचा दिवस आहे. ऑटोतून पाच जण उतरतात. पुढे मामा, पांढरी टोपी, खिशाला पेन (तुमचे पेन याच खिशात जाणार आहे). त्याच्यामागे 'कोर्टाचं सगळं माहीत असलेला' एक गृहस्थ. त्याची स्वतःची केस अजून चालू आहे. मग मोबाइलवाला पोरगा, मग भाऊ. आणि सगळ्यांत शेवटी, चप्पल बाहेर काढून, दाराच्या चौकटीला धरून उभी राहिलेली एक बाई. खुर्च्या चार असतील तर ती खाली बसेल. पाच असतील तरी खालीच बसेल.

मामा सुरुवात करतो. "सायेब, आमच्यावर लई अन्याव झालाय." नवखा स्वयंसेवक लगेच वही उघडतो आणि लिहितो: अर्जदारावर अन्याय. अर्जदाराचे नाव म्हणून मामाचे नाव लिहितो. तासभर मामा बोलतो, मध्ये कोर्टाचे गृहस्थ कलमे सांगतात, त्यातली दोन रद्द झालेली असतात. आणि शेवटी कळते की जमीन बाईच्या सासऱ्याची होती, नाव बाईचे गळाले आहे, आणि मामाला त्या जमिनीत पुढे बटईने पेरायचे आहे.

तेव्हा मामाला नमस्कार करून पहिलाच प्रश्न असा विचारा: "अर्जावर सही कोण करणार?" चौघेही बाईकडे बघतील. ती तुमची अर्जदार. तिला खुर्चीवर बसवा. 'मावशी, इथं बसा' एकदा म्हटल्याने ती बसत नाही. उठून खुर्ची तिच्याजवळ न्यावी लागते.

आता मंडळींना बाहेर घालवणे. 'तुम्ही जरा बाहेर थांबा' असे तोंडावर म्हटले तर मामा रुसतो, आणि मामा रुसला तर पुढच्या तारखेला बाईला ऑटोने आणणार कोण? म्हणून झेरॉक्स. या कामात झेरॉक्ससारखे साधन नाही. आधारच्या, राशन कार्डाच्या, पासबुकाच्या, प्रत्येकाच्या दोन-दोन प्रती, आणि मामा, तुमच्या नजरेखालीच काढून आणा, आजकाल कागद बदलतात. मामा जबाबदारीने जातो. कोर्टाचे गृहस्थही जातात, कारण झेरॉक्सवाल्याला कलमे सांगायची असतात. लाइट गेलेली असेल तर फारच उत्तम.

बाई एकटी पुरुष स्वयंसेवकासमोर बोलायला संकोचत असेल, तर दार उघडे ठेवा आणि बचत गटातली एखादी ताई शेजारी बसवा. तिच्या घरातली नको. आणि दुभाष्याचेही तसेच. किनवटच्या या पट्ट्यात गोंडी आहे, कोलामी आहे, तांड्यावर गोरमाटी आहे, आदिलाबादकडून लग्न होऊन आलेल्या सुनांची तेलुगू आहे. दिराला दुभाषा करू नका; बाई दोन मिनिटे बोलेल आणि दीर भाषांतर करेल, 'काही नाही म्हणते'. शाळेतल्या पोरालाही करू नका. आई मार खाल्ल्याचे सांगत असताना त्याचे मराठी पोराच्या तोंडून काढून घेणे म्हणजे दुसरा गुन्हा.

हकीकतीच्या आधी विरोधी पक्षाचे नाव

बाई बोलायला लागायच्या आत विचारा: भांडण कोणाशी आहे? नाव, गाव, नाते. कारण इस्लापूर आणि आसपासच्या वाड्या-तांड्यांत तुमचा कोणी ना कोणी लागतोच. अर्ध्या तासाने तिने सगळे पोटातले सांगितल्यावर कळले की दीर म्हणजे तुमच्या साडूचा भाऊ, तर ना पुढे जाता येते ना मागे. आधी कळले तर सरळ सांगता येते: मावशी, हे माझ्या नात्यातले निघाले, तुमचे दुसऱ्या ताई ऐकतील. साडू रागावेल, तो त्याचा प्रश्न.

आणि एक गोष्ट लक्षात असू द्या. वकिलाला सांगितलेल्या गोष्टीला भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १३२ चे कवच आहे; वकिलाच्या कारकुनाला आणि दुभाष्यालाही ते लागू होते. तुमचे नाव त्या कलमात नाही. म्हणून कायद्याने नसेल तिथे गुप्तता तोंडाने पाळा. संध्याकाळी किराणावाला विचारेल, "काय म्हणत होती ती बाई?" पाऊस नाही म्हणत होती, असे सांगा. ते बहुधा खरेही असते.

कालगणना

"कधी झालं हे?" या प्रश्नाला तारीख मिळत नाही. "झाले की लई दिवस" मिळते. नवखा तिथे थांबतो किंवा अंदाजे २०१८ लिहून टाकतो. असे लिहिलेले साल पुढे कोर्टात उलटतपासणीला येते आणि बाई खोटी ठरते.

बाईला तारीख माहीत असते, फक्त आकड्यात नसते. नवरा कधी गेला? "कोरोनाच्या आदल्या पोळ्याला, बैल सजवायचे होते अन्‌ हे पडून होते." काढा कालनिर्णय. लॉकडाऊन मार्च २०२० मध्ये लागला, त्याच्या आदला पोळा ३० ऑगस्ट २०१९. सासरा कधी गेला? "लॉकडाऊन उठल्यावर पहिलं सोयाबीन निघालं तवा." म्हणजे २०२० ची दिवाळी जवळ आलेली. म्हणजे मुलगा आधी गेला, बाप नंतर. मृत्यूच्या दाखल्यांवरून तपासून घ्यायचे आहेच, पण हा क्रम तुम्ही विचारला नसता तर कोणी सांगितला नसता, आणि सारे प्रकरण त्यावर उभे आहे. हिंदू वारसा कायद्यात बापाच्या आधी मेलेल्या मुलाची विधवा पहिल्या वर्गातली वारस आहे. दिराच्या बरोबरीने तिचे नाव लागायला हवे होते.

जुन्या माणसांशी बोलताना बहात्तरचा दुष्काळ, किल्लारीचा भूकंप, नोटबंदी या खुणा वापरा. आणि जुना कागद निघालाच तर साल नीट वाचा. निजामाच्या राजवटीतला उर्दू कागद असेल आणि कोणी त्याच्यावर १३५२ वाचून दाखवले, तर बहामनी काळातला दस्तऐवज हाती लागला असे समजू नका. ते फसली साल. त्यात ५९० मिळवा, १९४२ च्या आसपास येते.

पिशवी

कापड दुकानाची प्लास्टिकची पिशवी, तिच्या आत दुसरी, तिच्या आत रुमाल. टेबलावर ओता, पण हात तिला लावू द्या. एकेक कागद तीच उचलून देईल आणि देताना त्याचा इतिहास सांगेल. राशन कार्ड. निराधार योजनेचे पासबुक. बियाण्याची पावती. लाइट बिल, ते सासऱ्याच्याच नावचे. नवऱ्याचा पासपोर्ट फोटो, तो कागद नव्हे, तो बाजूला राहील आणि सगळ्यांत आधी परत पिशवीत जाईल. तीन वेगवेगळ्या नावांची तीन ओळखपत्रे: एकात माहेरचे नाव, एकात सासरचे, एकात टाइप करणाऱ्याचे. ही तिन्ही नावे वहीत जशीच्या तशी उतरवा. दुरुस्त करून लिहाल तर चौथे तयार होईल.

सातबारा असेलच. तिला तो वाचून दाखवायला लागलात की ती घाबरून म्हणेल, "आवो, दोन एकर होतं, एकच्या खाली कसं आलं?" कारण त्यावर ०.८१ लिहिलेले असते. हेक्टरमध्ये आहे, जमीन तेवढीच आहे, हे समजावून सांगा. हेक्टर म्हणजे साधारण अडीच एकर. पाच मिनिटे जातील, जाऊ द्या. दिराने जमीन लाटली ती लाटलीच, वर सरकारनेही सव्वा एकर खाल्ली असे तिच्या मनात राहायला नको.

मात्र सातबारावर थांबू नका, फेरफार मागवा. दिराने वारस नोंद लावली असेल तर तलाठ्याकडे (सरकारी कागदावर आता ते ग्राम महसूल अधिकारी झाले आहेत) गाव नमुना ६-क मध्ये वारसांची यादी असणार, मग फेरफाराची नोंद, हितसंबंधितांना नोटीस, हरकतीसाठी पंधरा दिवस, आणि मंडळ अधिकाऱ्याची मंजुरी. नोटीस हल्ली 'आपली चावडी' या संकेतस्थळावरही दिसते. बाईकडे बटनाचा फोन आहे. मंजुरीची तारीख लिहा आणि तिच्याखाली रेघ मारा: महसूल अधिनियमाप्रमाणे किनवटच्या उपविभागीय अधिकाऱ्यांकडे अपील साठ दिवसांत करायचे असते. मुदत कधीच गेली असेल तर उशीर माफीचा अर्ज लागतो. तो वकील बघेल. तुम्ही फक्त एवढे विचारा की हे तिला नेमके कधी आणि कोणाकडून कळले, आणि तिचे उत्तर तिच्याच शब्दांत लिहा.

तिच्याच शब्दांत, यावर थोडे. नवख्यांना 'सदर इसमाने संगनमताने' असे लिहायची फार हौस असते. बाई म्हणते, "मी चुलीपाशी होते अन्‌ वट्ट्यावर कागद झाला." हे वाक्य वकिलाच्या दहा वाक्यांपेक्षा उपयोगी आहे, त्यात ती कुठे होती, कागद कुठे झाला आणि तिला बोलावले नाही, हे सगळे आले. संगनमत वकील घालतील.

जात विचारावी लागते

लाजू नका, पण का विचारतो ते आधी सांगा. दोन कारणे. पहिले, फुकट वकील कोणाला. १९८७ च्या कायद्याचे बारावे कलम पाठ हवे: स्त्री असेल तर उत्पन्न कितीही असो, मिळतो. मूल असेल तर मिळतो. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला मिळतो, मग तो बुलेटवर का येईना. अपंगाला, कोठडीतल्याला आणि कलमातल्या आणखी काहींना मिळतो. बाकीच्यांनी तहसीलचा उत्पन्नाचा दाखला आणायचा, महाराष्ट्रात मर्यादा वर्षाला तीन लाखांची. आता गंमत बघा. आपल्याकडचा बंजारा विमुक्त जातीत, म्हणून तांड्यावरच्या पुरुषाला दाखला लागतो. पलीकडे तेलंगणात त्याचाच मावसभाऊ अनुसूचित जमातीत, त्याला तिकडे लागत नाही. यावर हैदराबाद गॅझेटचा विषय निघेल, २०२५ मध्ये मोर्चे निघाले तो. निघू देऊ नका. अर्जदार बाजूला राहतो आणि झेरॉक्सवरून परतलेले मामा रंगात येतात.

दुसरे कारण वजनाचे. हिंदू वारसा कायदा अनुसूचित जमातींना आपोआप लागू होत नाही, त्याच कायद्याच्या दुसऱ्या कलमात तसे लिहिले आहे. म्हणजे हीच हकीकत, हीच दोन एकर, हाच दीर. पण बाई मराठा किंवा बंजारा असेल तर एक कायदा आणि गोंड, कोलाम किंवा आंध असेल तर जमातीची रूढी. छत्तीसगडच्या एका गोंड कुटुंबाच्या खटल्यात जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्त्रीच्या वारसांना समान वाटा दिला, तो रूढीत मनाई सिद्ध होत नाही म्हणून आणि समानतेच्या तत्त्वावर. तेव्हा आदिवासी बाई समोर असेल तर आणखी विचारा: तुमच्यात पूर्वी कोणा सुनेला, लेकीला जमीन मिळाली का? कोणाला? ते अजून हयात आहेत का? ही दोन-तीन नावे मिळाली तर वकील तुम्हाला चहा पाजेल. जमीन बिगर-आदिवासीच्या नावे गेली असेल तर तो आणखी वेगळा मामला, महसूल अधिनियमाचे ३६-अ. पानाच्या वर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा.

काय बोलू नये

'होऊन जाईल.' हे आपल्याकडचे आवडते वाक्य. तलाठ्यापासून मंत्र्यापर्यंत सगळे म्हणतात. तुम्ही म्हणू नका. पुढे काय होणार ते सांगा: अर्ज किनवटला जाईल, समिती वकील देईल, वकिलाला पैसे द्यायचे नाहीत, कोणी मागितले तर कळवा, अडचण आली तर १५१०० वर फोन लावा, फोन फुकट आहे. वेळ किती लागेल? माहीत नसेल तर माहीत नाही म्हणा. बाईला त्याची सवय नसते, ती थोडी चकित होईल.

उठताना

सगळे झाले. तुम्ही वही मिटली. बाई पिशवीची गाठ मारून उठली, दारापर्यंत गेली, एक चप्पल घातली. आणि मग:

"ते बॉण्डवर अंगठा दिला होता म्या, त्याचं काही होतं का?"

नवखा इथे म्हणतो, 'पुढच्या वेळी बघू'. तुम्ही तिला परत बसवा, वही उघडा आणि नवीन पान घ्या, कारण मुलाखत आत्ता सुरू झाली आहे. बाई तासभर तुम्हाला तपासत होती. हा ओरडतो का, हसतो का, मामाला सांगतो का. आता ठरले तिचे. कधी दिला? सासऱ्याच्या तेरवीला. कुठे? वट्ट्यावर. काय म्हणून? अनुदान येणार म्हणून. वाचून दाखवला का? कोणी लिहिला? आणखी कोणाच्या सह्या होत्या? मामा होता का?

मामा होता. साक्षीदार म्हणून सही त्याचीच.

कपाळावर आठी आणू नका. नोंदणी कायद्याचे सतरावे कलम तुम्हाला आठवेल, की स्थावरातला शंभर रुपयांवरचा हक्क सोडायचा तर दस्त दुय्यम निबंधकाकडे नोंदवावा लागतो, नुसत्या बॉण्डवर भागत नाही. आठवले तरी 'त्या कागदाला काही अर्थ नाही' असे म्हणू नका. तो कागद तुम्ही पाहिलेला नाही. हक्कसोड आहे, बटईपत्र आहे की आणखी काही, कोण जाणे. आणि अंगठा एकाच कागदावर झाला का, हेही विचारायचे राहिले आहे. विचारा. मग लिहिलेले सगळे तिला वाचून दाखवा, हळू. ती मध्येच 'तसं नव्हे' म्हणेल, तिथे खोडा आणि शेजारी तारीख घाला. सही येत असेल तर सही. नसेल तर अंगठा, पण वाचून झाल्यावर आणि दुसऱ्या कोणाच्या तरी समोर. पॅड शेजारच्या ग्रामपंचायतीतून मागून आणा.

मामा झेरॉक्स घेऊन परत येतील तेव्हा त्यांना बॉण्डबद्दल काहीही विचारू नका. ते साक्षीदार आहेत; त्यांना काय विचारायचे ते वकील ठरवतील. आभार माना, पेन मागून घ्या.

दोन-तीन दिवसांनी दीर येईल. तोही टोपी घालून, तोही चौघांना घेऊन, आणि म्हणेल की आमच्यावर लई अन्याव झालाय, आम्हालाही सरकारी वकील पाहिजे. पात्र असेल तर त्यालाही मिळतो. समिती दोघांना वेगवेगळे वकील देते. मात्र त्याची हकीकत तुम्ही ऐकायची नाही. एक शब्दही नाही, उभ्या-उभ्याही नाही, चहावर तर नाहीच. किनवटच्या समितीचा पत्ता कागदावर लिहून द्या, खाली १५१०० लिहा आणि दुसऱ्या स्वयंसेवकाकडे पाठवा. त्याच्याबरोबर आलेल्या चौघांत मामाही असेल, तर वहीत तेवढे लिहून ठेवा.